बिळातला बुडबुडा

निवटी साफ करायला राख लागते. मीठ चालतं, तांदळाचं पीठ पण चालतं, पण राखेची गोष्टच वेगळी, कारण निवटीच्या अंगावर जो बुळबुळीत थर असतो तो राखेसारखा दुसरं काही धरतच नाही. चांगली मूठभर राख घ्यायची, टोपातल्या निवट्यांवर टाकायची आणि वरून झाकण दाबून धरायचं, कारण बाजारातून घरी येऊन दोन तास झाले तरी त्या जिवंत असतात आणि उड्या मारून ओट्यावर, तिथून खाली लादीवर, फ्रिजच्या मागे कुठेही जातात. मग थोड्या वेळाने हालचाल थांबली की एकेक घ्यायची, घासायची, धुवायची. वाशीच्या फ्लॅटमध्ये चूल कुठून येणार, म्हणून मामी दर वेळी बोर्नव्हिटाच्या जुन्या डब्यात राख भरून देते. तो डबा माझ्या ओट्याखाली गेली सोळा वर्षं आहे आणि घरकामाला येणाऱ्या प्रत्येक नव्या बाईला सांगावं लागतं की हे फेकू नका, ही लागते मला.

ज्यांना निवटी माहीतच नाही त्यांच्यासाठी सांगते. वीतभर लांबीचा मासा, रंग चिखलाचाच, अंगावर बारीक निळे ठिपके, जे फक्त ओली असताना आणि उन्हात नीट दिसतात. डोळे डोक्याच्या वर, बेडकासारखे. खाडीचं पाणी ओसरलं की बाकीचे मासे पाण्याबरोबर जातात, ही मागे राहते, चिखलावर, उघड्यावर, आणि तिथेच फिरते, खाते, भांडते. इंग्रजीत मडस्किपर म्हणतात, म्हणजे जगभरच्या कांदळवनातल्या अशा सगळ्याच माशांना म्हणतात, त्यात बऱ्याच जाती आहेत. आपल्याकडची जी मोठी, खायची निवटी, तिचं शास्त्रीय नाव बोलिऑफ्थॅल्मस दुसुमिएरी, १८३७ सालचं. दुसुमिए हा एक फ्रेंच व्यापारी, जहाजं घेऊन हिंदी महासागरात फिरायचा आणि जाईल तिथले प्राणी गोळा करून पॅरिसला पाठवायचा. त्याचं नाव लागलं. मला त्याचं काही वाईट वाटत नाही, पण आमच्या आजीने आयुष्यात जितक्या निवट्या हाताळल्या असतील त्याचा विचार केला की नाव कुणाचं लागायला हवं होतं ते मला पक्कं माहीत आहे.

माझं आजोळ उरण तालुक्यात, खाडीला लागून. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात गावातल्या माणसांचा विषय येतो. आगरी गाव. पुढे डांबरी रस्ता, मागे शेतं, शेतांच्या मागे बांध, बांधाच्या पलीकडे तिवरं, म्हणजे कांदळवनाची झाडं, आणि तिवरांच्या पलीकडे चिखल. लहानपणी मला वाटायचं जग तिथे संपतं. बांधावर उभं राहिलं की एका बाजूला भात आणि दुसऱ्या बाजूला तो राखाडी, चकाकणारा चिखल. आम्ही शहरातून आलेली पोरं भाताकडे तोंड करून फोटो काढायचो.

चिखलाकडे पहिल्यांदा तोंड केलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. गणपतीला आजोळी गेलो होतो, गौरीगणपती गेल्यावर दुसऱ्या दिवशी घरात मासे हवेच होते, इतके दिवस कुणी खाल्ले नव्हते ना, आणि मामा म्हणाला चल बाय, तुला निवटी दाखवतो. सुकती लागली होती, म्हणजे ओहोटी. मामाने कमरेला टोपली बांधली, मला म्हणाला चपला बांधावर ठेव. पहिलं पाऊल टाकलं आणि मी गुडघ्यापर्यंत आत गेले. चिखल वरून गरम आणि खाली थंड असतो हे मला त्या दिवशी कळलं. आणि तो काय नुसता चिखल नसतो, वर एक पिवळट तपकिरी साय धरलेली असते, दुधावर धरते तशी. तीच निवटीचं जेवण. ती साय म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या शेवाळाचे असंख्य जीव, आणि निवटी काय करते तर तोंड चिखलाला टेकवून डोकं डावीकडे उजवीकडे, डावीकडे उजवीकडे असं हलवत पुढे सरकते, आपण केर काढतो तशी, आणि ती साय ओरबाडून खाते. मागे चिखलावर तिची सगळी नक्षी राहते. मामा ती नक्षी बघून सांगायचा, ही आत्ताची, ही कालच्या पाण्यातली.

आमची सावली पडली की शंभर हातांवरून टुप टुप टुप सगळ्या बिळात. क्षणापूर्वी चिखल जिवंत होता आणि आता काहीच नाही, नुसती भोकं. मामा थांबायचा. भोकांकडे बघत राहायचा. मग एका भोकापाशी जायचा, पण हात लगेच घालायचा नाही, आधी आजूबाजूला बघून दुसरं तोंड शोधायचा, कारण निवटीच्या बिळाला बऱ्याचदा दोन तोंडं असतात, एकातून हात घातला तर ती दुसऱ्यातून निघून जाते. दुसऱ्या तोंडावर टाच दाबून ठेवायची आणि मग पहिल्या तोंडात हात, कोपर, दंड, खांदा, इतका की माणसाचा गाल चिखलाला टेकतो. मामाचं तोंड माझ्याकडे होतं आणि डोळे कुठेच बघत नव्हते. सगळं लक्ष बोटांत. मग हळूच हात बाहेर यायचा आणि मुठीत ती.

मी पण हट्ट केला. मामाने एक बीळ दाखवलं, स्वतः दुसऱ्या तोंडावर पाय दिला, मी हात घातला. आत पाणी होतं, पातळ चिखलाचं, कोमट. हात पुढे, अजून पुढे, बीळ वाकलं, मी बोटं वर वळवली आणि तेवढ्यात माझ्या दंडाच्या बाजूने एक मोठा बुडबुडा वर आला आणि फुटला. बुळुक.

मामा ओरडला, "हात कार! हात कार!" हात काढ. मला वाटलं साप आहे. मी हात ओढला आणि मागे चिखलात बसलेच. मामा खाली वाकून त्या भोकाकडे बघत होता, मग म्हणाला, "आतमंदी पोरांची खोली हाय. बुडबुडा आला ना का हात कारायचा." आणि त्याने हाताने भोकाच्या कडा पुन्हा सारख्या केल्या. आपण कुणाच्या घरी जाऊन दार उघडतो, बघतो तर बाळंतीण निजलेली, मग हळूच ओढून घेतो ना, तसं.

त्या दिवशीच्या कालवणाची चव मला अजून आठवते असं म्हणायला मला आवडलं असतं, पण खरं म्हणजे मला त्या बुडबुड्याशिवाय काहीच आठवत नाही.

पुढे तीसेक वर्षं निवटी माझ्यासाठी टोपातली गोष्ट झाली. आठवडी बाजारात आमच्याच बाजूच्या बायका पाटीत घेऊन बसतात, वाट्यावर विकतात, मी घेते, राख लावते. करायची पद्धत आईची आणि आजीची. तेलात भरपूर ठेचलेला लसूण, सालासकट, हळद, घरचा आगरी मसाला, चिंचेचा कोळ, कैरी असली तर कैरी. पाणी उकळलं की निवट्या. उकळी आली की पाच-सात मिनिटांत गॅस बंद, डाव घालून ढवळायचं नाही, टोपच दोन्ही हातांनी धरून हलवायचा, नाहीतर मासा मोडतो, इतकं त्याचं मांस मऊ असतं. सोबत तांदळाची भाकरी. माझ्या बाळंतपणात आजी मामीबरोबर दोन वेळा फक्त निवट्या द्यायला वाशीला आली होती, दूध येतं म्हणून, आणि मी खाते आहे ना हे बघायला समोर बसून राहिली होती. डॉक्टरांना विचारलं नाही, आजी समोर बसलेली असताना कोण विचारणार.

मग चार वर्षांपूर्वी मुलाला शाळेत कांदळवनावर प्रोजेक्ट होता. त्याच्यासाठी म्हणून मी वाचायला बसले आणि रात्री दीडपर्यंत बसूनच राहिले. तिवर, चिप्पी वगैरे माहिती गोळा केली, पांढरी चिप्पी हा २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे हे पण तेव्हाच कळलं, पण मला थांबवलं ते निवटीच्या श्वासाने. मासा आहे, कल्ले आहेत, पण चिखलावर असताना ती कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून हवा घेते. कातडी ओली असेल तोवरच हे जमतं, म्हणून ती मधूनच चिखलात कुशीवर लोळते, आम्ही लहानपणी म्हणायचो निवटीला खाज सुटली. डोळे सुकू नयेत म्हणून ते खोबणीत आत ओढून घेते आणि ओले करून पुन्हा वर काढते. म्हणजे डोळा मिचकावते! बहुतेक माशांना पापण्या नसतात, आणि ही मिचकावते, ते पण आपण ज्या कारणांसाठी मिचकावतो त्याच कारणांसाठी, डोळा ओला ठेवायला, कचरा काढायला, काही अंगावर आलं तर वाचायला. पोटाखालचे दोन पर एकमेकांना जुळून त्यांची वाटी झालेली असते, गोबी कुळातल्या बहुतेक माशांची होते. हे कुळ फार मोठं आहे, २००० च्या आसपास जाती, आपल्या ओढ्या-खाड्यांतली खरबी पण त्यातलीच, म्हणजे निवटीची चुलत बहीण.

आणि मग बीळ. ते वाचताना मी उठून उभी राहिले.

खाडीच्या चिखलात बोटभर खाली गेलं की ऑक्सिजन जवळजवळ नसतो. म्हणूनच तो आतून काळा असतो आणि उकरला की सडक्या अंड्याचा वास येतो. बिळातल्या पाण्यात पण तीच गत. अशा ठिकाणी अंडी घातली तर ती गुदमरून मरणार. मग हे मासे काय करतात, तर बीळ खाली जाऊन पुन्हा थोडं वर वळवतात, आणि त्या वर वळलेल्या टोकाला एक खोली करतात जिचं छत बंद असतं. त्या छताला आतून अंडी चिकटवतात. आणि ती खोली हवेने भरतात. तोंडाने. नर वर येतो, तोंडभर हवा घेतो, गाल फुगवून बिळात खाली जातो, खोलीत जाऊन सोडतो, पुन्हा वर. सुकती असेपर्यंत चालू. भरती आली, बिळावर माणूसभर पाणी चढलं तरी त्या खोलीत हवा असते आणि छताला टांगलेली अंडी त्या हवेत असतात. पाण्याच्या खाली, चिखलाच्या आत, हवा.

जपानच्या किनाऱ्यावरच्या एका छोट्या जातीवर तिथल्या संशोधकांनी बिळात बारीक कॅमेरे घालून हे पाहिलं. २००७ साली त्यांनी आणखी एक गोष्ट लिहिली. अंडी पिकली की रात्रीच्या भरतीच्या वेळी तोच बाप उलटं काम करतो. खोलीतली हवा तोंडात भरतो आणि बाहेर नेऊन टाकतो. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. हवा कमी होत जाते तसं पाणी वर चढतं, अंड्यांना टेकतं, आणि पाणी लागलं की पिल्लं फुटून बाहेर येतात. म्हणजे इतके दिवस एकेक तोंड करून जी हवा आणली ती एकेक तोंड करून परत काढायची, आणि ते पण नेमक्या वेळी.

मी सकाळी सात वाजता मामाला फोन केला. तेव्हा तो एकाहत्तर वर्षांचा होता, सकाळी चहा घेऊन ओटीवर बसलेला असतो. मी म्हटलं मामा, आठवतंय का तू मला हात काढायला लावला होतास, बुडबुडा आला होता. म्हणाला, आठवतं काय, दर वर्षी कुणा ना कुणा पोराला सांगतो. मग मी त्याला सगळं सांगितलं, हवा कशी येते, बाप कसा आणतो. पलीकडे इतका वेळ शांतता की मला वाटलं फोन कट झाला.

मग म्हणाला, "म्हंजे त्यो हवा नेतो आत?"

मी म्हटलं हो.

"आमी समजायचो त्यो पानी उपसतो. वर-खाली वर-खाली करत असतो ना. माझा बापूस पन म्हनायचा, निवटा घर उपसतंय." पुन्हा थोडा वेळ गेला. "मंजे बाहेर काय टाकत नवता, आत नेत व्हता."

मला त्याचं हे वाक्य फार लागलं. त्याने पन्नास वर्षं ते पाहिलं होतं. खोली पोरांची आहे हे त्याला माहीत होतं, बुडबुडा म्हणजे पोरं हे माहीत होतं, नर वर-खाली करतो हे माहीत होतं. फक्त मधला एक धागा राहिला होता आणि तो आज फोनवर जुळला. आणि उलट बाजूने पण खरं आहे, की ज्यांनी कॅमेरे घातले त्यांच्या कितीतरी आधीपासून एका गावातले लोक बुडबुडा आला की हात काढत होते. कुणी कायदा केला नव्हता, बोर्ड लावला नव्हता. मामाला विचारलं का रे काढायचा, तर म्हणाला, पुढल्या वर्षी काय खायचं मग.

आता बांधाचं सांगते, कारण त्याशिवाय हे अर्धवट राहील.

आमचा बांध पणजोबांच्याही आधीचा. खाडीचा चिखल अडवून आत शेती, खारभूमी. तिवरं तोडूनच केलेली ती जमीन, हे मी लपवणार नाही, आमच्या लोकांनी पण खाडीकडून घेतलंच आहे. पण त्या बांधाला उघाडी होती. दगडी बांधकामात लाकडी झडपा, जाड, वरून टांगलेल्या. भरतीचं पाणी बाहेरून दाबलं की झडप आपोआप बंद, शेत कोरडं, ओहोटी लागली की आतल्या पावसाच्या पाण्याने ढकलून आपोआप उघडी. भात निघालं की आमच्याकडे झडपा दोरीने वर बांधून ठेवायचे आणि खारं पाणी आत खेळू द्यायचे, त्याबरोबर कोळंबी, बोय, जिताड्याची पिल्लं, सगळं आत. निवट्या तर शेताच्या बांधाबांधाने बिळं करायच्या. मग पावसाळ्यात पाऊस ते मीठ धुऊन काढायचा आणि पुन्हा तांबडा राता भात. गोव्यात खाजन शेतीत अशाच दाराला मानस म्हणतात आणि तिथेही त्याच दारात मासे धरतात. म्हणजे आमच्या घरात जो शेतकरी तोच खाडीत उतरणारा. दार कधी लावायचं आणि कधी उघडायचं यावर भांडायला दुसरा कुणी नव्हताच.

हे मला का सुचलं, तर जपानचंच वाचताना. तिथे क्यूशू बेटावर आरिआके नावाचा उपसागर आहे, प्रचंड मोठा चिखल, आणि तिथे आमच्या निवटीची सख्खी बहीण राहते, त्याच बोलिऑफ्थॅल्मस घराण्यातली. तिला मुत्सुगोरो म्हणतात आणि सागा भागात ती भाजून, गोडसर सॉस लावून खातात. त्या उपसागराचा इसाहाया नावाचा कोपरा शेतीसाठी आणि पुरापासून बचावासाठी अडवायचं ठरलं, सात किलोमीटरची भिंत. १९९६ साली तिथल्या लोकांनी कोर्टात दावा लावला आणि वादी म्हणून स्वतःबरोबर मुत्सुगोरोचं नाव घातलं. माशाचं! दावा पुढे फेटाळला गेला. १४ एप्रिल १९९७ ला २९३ पोलादी पत्रे एकामागून एक खाली सोडले आणि कोपरा बंद झाला. आतला चिखल सुकून भेगाळला. त्या भेगांतल्या मेलेल्या मुत्सुगोरोंचे फोटो मी पाहिले, दोनदा नाही बघू शकले.

पण त्याच्या पुढची गोष्ट मला जास्त सतावते. त्या भिंतीला पण दारं आहेत. आणि नंतरची वीस-पंचवीस वर्षं तिथे भांडण कशावर चाललं, तर ती दारं उघडायची की नाही. मासेमारी करणारे म्हणतात उघडा, आमचे शिंपले गेले, समुद्री शेवाळाचं पीक गेलं. आत नव्याने शेती करणारे म्हणतात उघडू नका, खारं पाणी येईल. २०१० ला हायकोर्ट म्हणालं पाच वर्षं उघडून बघा, मग उलटे दावे, आणि शेवटी ती उघडली गेलीच नाहीत. दोन्हीकडे साधी माणसं आहेत. मला त्यातल्या कुणाचाच राग येत नाही. पण मला वाटतं की ज्या दिवशी शेत एकाचं आणि चिखल दुसऱ्याचा झाला त्या दिवशीच ते दार गंजायला लागलं.

आमच्या उघाडीचं काय झालं? गावातल्या बहुतेक जमिनी गेल्या, कुठे संपादनात, कुठे विक्रीत. शेत करणारा राहिला नाही की बांध बघणारा राहत नाही. पूर्वी उधाणाला बांधाला खांड पडली, म्हणजे बांध फुटला, तर रात्री कंदील घेऊन अख्खं गाव जायचं, चिखलाची ढेकळं हातोहात द्यायचं, बायका पण. आता खांड पडली की पडली. एका बाजूने तिवरं शेतात आली, ते एक वेळ मला चांगलंच वाटतं. पण दुसऱ्या बाजूला दहा-बारा वर्षांपूर्वी रात्रीचे डंपर यायला लागले. कुणाचे ते गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. माती, सिमेंटचे तुकडे, फुटक्या टाइल्स. उघाडीचं तोंडच बुजलं. पाणी आत येईना, आतलं बाहेर जाईना. मामाने अर्ज केले, तीन ठिकाणी, प्रत्येकाने सांगितलं आमच्या हद्दीत येत नाही. एका पावसाळ्यात आतलं साचलेलं पाणी हिरवं पडलं, मग काळं, आणि मामी म्हणते रात्री उशाला वास यायचा. त्या तुकड्यात निवटी राहिली नाही. बिळं होती, रिकामी.

आज कांदळवनाला कायद्याचं संरक्षण आहे हे मला माहीत आहे. मुंबई हायकोर्टाचा २००५ चा आदेश, मग २०१८ चा निकाल, २०१२ पासून राज्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष, ठाणे खाडीत २०१५ ला फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ ला त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. हे नसतं तर आज काहीच उरलं नसतं, यात मला शंका नाही, आणि ज्यांनी कोर्टाच्या पायऱ्या चढून हे मिळवलं त्यांचे उपकार आहेत आपल्यावर. फ्लेमिंगो बघायला मी पण जाते, मुलाला घेऊन. पण तिथे बोटीत सगळे वर, गुलाबी रंगाकडे बघत असतात आणि मी खाली. कारण त्यांच्यातला तो छोट्या जातीचा फ्लेमिंगो मान वाकवून ज्या चिखलावरून चोच फिरवतो, डावीकडे उजवीकडे, तो तीच साय खातो जी निवटी खाते. एकाच ताटात जेवतात दोघं. कुणी मला विचारलं खाडी जिवंत आहे का ते कसं ओळखायचं, तर मी सांगेन सुकतीला जा, दहा मिनिटं हलू नका, आणि चिखल मिचकावतो का बघा.

लोक म्हणतात खाडीचं काही खाऊ नये आता. ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने आले तेव्हापासून आमच्या नात्यातल्या तिकडच्या लोकांनी हळूहळू सोडलंच, माशाला रॉकेलचा वास येतो म्हणायचे. चिखलाची साय खाणारा मासा, चिखलात जे उतरेल ते त्याच्यात उतरणार, हे काय कुणाला सांगायला नको. मी आता कुठून आणली विचारल्याशिवाय घेत नाही. बाजारातल्या बायकांना पण ते कळतं, त्या आपणहून जागा सांगतात, अमक्या खाडीची आहे ताई, तिकडची नाही.

गेल्या वर्षी गणपतीनंतर गेले होते. अटल सेतूवरून गेलो, ओहोटीची वेळ होती, पुलावरून खाली नुसता चिखल, ऊन पडलेलं, गाडी ऐंशीने चाललेली आणि मुलगा म्हणाला, आई, इथून निवटी दिसेल का. मी म्हटलं नाही रे, तिला बघायला थांबावं लागतं.

मामा आता चिखलात उतरत नाही. गुडघे गेले. बांधावर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसतो. मी मुद्दाम फोनमध्ये आरिआकेचे व्हिडिओ नेले होते त्याला दाखवायला. तिथले लोक एक लांबट फळी घेतात, पुढून थोडी वर वळलेली, एक गुडघा फळीवर टेकवतात आणि दुसऱ्या पायाने चिखल मागे ढकलत सरसर जातात. आणि मग लांब काठीला दोरी, दोरीला गळ, आमिष नाही, लांबूनच फेकून चिखलावरच्या मुत्सुगोरोला अचूक उचलतात. मला वाटलं मामा ते गळाचं बघून खूश होईल. त्याने तो व्हिडिओ पाच वेळा बघितला, पण गळाकडे त्याचं लक्षच नव्हतं. प्रत्येक वेळी फळी आली की म्हणायचा, थांबव. मग फोन डोळ्यांजवळ नेऊन बघायचा. "एक गुडघा टेकलेला हाय बघ. वजन सगला फलीवर."

मग उठला, काठी घेतली, घरामागे गेला. मी मागोमाग. शेवग्याच्या खाली, जुन्या कौलांच्या ढिगाला टेकवून उघाडीची झडप उभी होती, शेवटी राहिलेली एक. सागाची, खाऱ्या पाण्याने काळी पडलेली, खालची कड गोल झिजलेली. मामाने ती कुणाला जाळू दिली नव्हती. त्याने काठी भिंतीला लावली आणि वाकून वितीने मोजायला लागला. एक, दोन, तीन. मध्येच थांबला आणि मला म्हणाला, बाय, त्या जपानवाल्याची फली केवढी असंल गं, जरा परत लाव.

मी व्हिडिओ परत लावला.